संमतीपत्रावर सही बाबांचीच हवी

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका वाचक भगिनींनी लिहिलेल्या पत्राचा सारांश असा :

"माझे वडील ६४ वर्षांचे असून औष्णिक वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागातून निवृत्त झाले आहेत. तरुणपणापासून विडीची सवय होती, ती नऊ वर्षांपूर्वी दम लागू लागल्यावर सुटली. तेव्हाच सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे, निदान झाले आणि तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ पंप घेतात. बसल्या जागी बोटावरचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र ९१-९२ टक्के दाखवते. गेल्या महिन्यात खोकल्यातून रक्त पडले म्हणून सीटी स्कॅन आणि बायोप्सी केली. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि तो दुसऱ्या फुप्फुसातही पोहोचलेला आहे. हे आम्ही बाबांना सांगितलेले नाही. 'छातीत इन्फेक्शनची गाठ आहे' एवढेच त्यांना ठाऊक आहे. आता डॉक्टरांनी एका क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या उपचाराच्या रुग्णांवरील चाचणीबद्दल, सांगितले आहे. त्यात नेहमीच्या केमोसोबत इम्युनोथेरपीचे एक नवे औषध आहे. बावीस पानांचे मराठी संमतीपत्र हातात देऊन 'परवापर्यंत कळवा' असे सांगितले. मोठा भाऊ म्हणतो, 'बाबाले उंदीर समजून राहिले का हे लोकं?' आई म्हणते, देवाने दार उघडले आहे, नाही म्हणू नका. बाबांना न सांगता मी किंवा भावाने सही केली तर चालेल का? आणि शेजारी म्हणतात तसे घरी ऑक्सिजनचे मशीन भाड्याने आणावे का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

सहीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चालणार नाही. बाबा शुद्धीवर आहेत, त्यांना समजते, स्वतःचे बरे-वाईट ते ठरवू शकतात. अशा माणसाच्या वतीने मुलगा, मुलगी किंवा पत्नी, कोणीही क्लिनिकल ट्रायलच्या संमतीपत्रावर सही करू शकत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लागू केलेले नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायलचे नियम आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या दोन्हींनुसार कायदेशीर प्रतिनिधीची सही, सहभागी होणारी व्यक्ती स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाच घेता येते, म्हणजे ती बेशुद्ध असेल, लहान मूल असेल किंवा गंभीर मानसिक आजारामुळे तिला समजत नसेल तेव्हा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी एक निष्पक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर राहतो, पण सही किंवा अंगठा तेव्हाही रुग्णाचाच असतो. तुमचे बाबा तर पेपर वाचणारे गृहस्थ असणार. 'शेवटच्या पानावर त्यांची सही तेवढी घेऊ, आधीची पाने दाखवायची नाहीत' असाही एक मार्ग घरात कोणी सुचवेल. तो कृपया मनातूनही काढून टाका. ती संमती नियमाला धरून होत नाहीच, शिवाय ती बाबांच्या जिवाला धोक्याची आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

तेव्हा ट्रायलमध्ये जायचे की नाही हा तुमच्या घरातला दुसरा प्रश्न आहे, आणि पहिला प्रश्न बाबांना सांगण्याचा आहे. मी तीस वर्षे छातीचे आजार पाहतो आहे आणि "डॉक्टर, त्यांच्यासमोर तो शब्द काढू नका" हे वाक्य दवाखान्याच्या दाराशी किती वेळा ऐकले याची गणती नाही. ते वाक्य मायेतून येते, हे मी जाणतो. परंतु उमरेडकडचे एक खाणकामगार मला आजही आठवतात. त्यांचा मुलगा बिल भरायला काउंटरवर गेला तेवढ्यात त्यांनी खिशातून एसटीचे तिकीट काढून माझ्यापुढे ठेवले. तिकिटाच्या मागे, बॉलपेनने, एकेक अक्षर जुळवून त्यांनी आधीच्या दवाखान्यातल्या खोलीबाहेरच्या पाटीवरचा शब्द उतरवून घेतला होता : ऑन्कोलॉजी, म्हणजे कॅन्सरचा विभाग. "हे काय असते जी?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांना उत्तर ठाऊक होते. पोरगा रडेल म्हणून त्याला विचारायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. इकडे मुलगा बापापासून लपवत होता आणि तिकडे बाप मुलापासून लपवत होता, आणि असे सात आठवडे चालले होते. रक्ताची गुळणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या, छातीत सुई घालून घेतलेल्या तुमच्या बाबांना काहीच अंदाज नसेल, असे मला वाटत नाही.

आता तुमच्या भावाच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्यांच्या रागाला मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या देशात गरिबांना पुरते न सांगता चाचण्यांमध्ये घेतल्याच्या तक्रारी झाल्या, २०१२-१३ च्या सुमारास हा विषय जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, न्यायालयाने सरकारला खडसावले आणि त्यानंतरच नियम कडक झाले. हा इतिहास खरा आहे. त्यामुळे संशय घेणे गैर नाही. संशयाचे रूपांतर प्रश्नांत करणे मात्र आवश्यक आहे. उंदराला कोणी काही विचारत नाही, समजावून सांगत नाही, आणि त्याला मध्येच पिंजऱ्यातून उठून घरी जाता येत नाही. बाबांना ते कोणत्याही दिवशी, कारण न सांगता करता येईल, आणि त्यामुळे त्याच रुग्णालयातील त्यांच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. हे वाक्य संमतीपत्रात असलेच पाहिजे. भावाला ते पान उघडून दाखवा.

ऑक्सिजनच्या मशीनचे उत्तर मी मुद्दाम इथेच देतो. फार कमी ऑक्सिजन असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांना दिवसातून १५ तास किंवा त्याहून अधिक वेळ ऑक्सिजन दिल्यास त्यांचे आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व ब्रिटनमधील दोन चाचण्यांतून कळले. मग ज्यांचा ऑक्सिजन थोडाच कमी आहे त्यांनाही तो द्यावा, असे डॉक्टरांना वाटू लागणे स्वाभाविक होते, आणि पुष्कळांना तो दिलाही गेला. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात ७३८ रुग्ण सहभागी झाले. त्यांत बसल्या जागी साधारण ८९ ते ९३ असणारे, म्हणजे अगदी तुमच्या बाबांसारखे रुग्ण होते, तसेच चालताना ऑक्सिजन उतरणारेही होते. आणि त्यांना घरी ऑक्सिजन दिल्याने ना आयुष्य वाढले, ना रुग्णालयात भरती होण्याची वेळ टळली. म्हणून बाबा ९१-९२ वर स्थिर असतील तर आज मशीन भाड्याने आणण्याची गरज दिसत नाही. आकडा ८८ किंवा त्याखाली राहू लागला तर मात्र तुमच्या छातीच्या डॉक्टरांकडून धमनीतील रक्ताची तपासणी करून घेऊन निर्णय घ्यावा लागेल. तुमचे मशीनचे भाडे आणि बाबांच्या नाकातली नळी ज्यामुळे वाचली, ती माहिती त्या ७३८ माणसांनी आपल्या आयुष्यातली वर्षे देऊन मिळवून दिली. त्यांना उंदीर म्हणणे माझ्या जिभेवर येत नाही.

आईंच्या म्हणण्यालाही तितकेच स्पष्ट उत्तर हवे. ट्रायल म्हणजे नव्या औषधाची हमी नव्हे. नवे औषध नेहमीच्या उपचारापेक्षा सरस आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तर ट्रायल घेतली जाते, आणि मोठ्या चाचण्यांमध्ये नवे औषध जुन्याहून सरस ठरले नाही असे वारंवार घडते. शिवाय कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत. ते संगणकाद्वारे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, आणि अनेकदा डॉक्टरांनाही ते कळू दिले जात नाही, कारण कळले तर मनातला कौल तपासणीत उतरतो. बाबांच्या वाट्याला केवळ नेहमीची केमो येऊ शकते. कॅन्सरच्या अशा चाचण्यांत रुग्णाला नुसत्या खोट्या औषधावर ठेवण्याची भीती बहुतांशी अनाठायी आहे, कारण सिद्ध झालेला उपचार उपलब्ध असताना तो काढून घेणे नीतिनियमांत बसत नाही. खोटे सलाईन असले तर ते केमोच्या जोडीला असते. तरीही हे तोंडी न ऐकता संमतीपत्रात वाचून घ्या. तो भाग बहुधा सर्वांत कठीण भाषेत लिहिलेला असतो. चाचण्या नीतिनियमांना धरून आहेत ना, हे तपासणाऱ्या एका एथिक्स कमिटीवर मी काही वर्षे काम केले. अशा समितीत किमान सात सदस्य असतात, अर्धे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि एक सदस्य वैद्यकाशी संबंध नसलेला सामान्य नागरिक असतो. आमच्याकडे त्या जागेवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. एका संमतीपत्रातील 'यादृच्छिकीकरण' या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारले, "हे मला कळले नाही, तर वॉर्डातल्या माणसाला कसे कळेल?" आम्ही आठही जण गप्प बसलो. तो कागद परत गेला आणि 'चिठ्ठी टाकून ठरवल्याप्रमाणे' असा बदल होऊन आला. तुम्हाला न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली तुम्हीही अशीच रेघ ओढा.

आता बाबांच्या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. त्यांना एक आजार नाही, दोन आहेत, आणि दोन्ही एकाच जागी आहेत. सीओपीडी असलेल्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका अधिक असतो, आणि हा वाढीव धोका केवळ विडी-सिगारेटच्या हिशेबाने पुरता उलगडत नाही. कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या पट्ट्यात, खाणींच्या गावांत आणि चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या किती जणांच्या छातीत हे दोन्ही आजार शेजारी शेजारी नांदतात, हे मी पाहिले आहे. आणि तरीही कॅन्सरच्या चाचण्यांमध्ये असे रुग्ण कमी घेतले जातात. रुग्ण दिवसभरात किती हिंडता-फिरता आहे याची ० ते ५ अशी एक मोजपट्टी असते (० म्हणजे पूर्ण हिंडता-फिरता), आणि बऱ्याच चाचण्यांत ० किंवा १ असलेलेच घेतले जातात. सीओपीडीचा माणूस जिना चढताना थांबतो, कामे सोडून देतो, त्यामुळे कॅन्सरने नव्हे तर जुन्या सीओपीडीने त्याचा आकडा २ वर जातो आणि दार बंद होते. परिणाम असा होतो की नव्या औषधांचे आकडे प्रामुख्याने बऱ्या फुप्फुसांच्या रुग्णांवरून येतात आणि ते वापरायची वेळ येते ती बाबांसारख्यांवर. ही ट्रायल सीओपीडी असूनही बाबांना घेण्यास तयार असेल, तर तेवढ्यापुरते मला तिचे स्वागतच वाटते. मात्र प्रवेशाच्या तपासण्यांत, म्हणजे फुंकायची टेस्ट, रक्त, स्कॅन यांत, ते बसले नाहीत तर तो दैवाचा कौल समजून घर खचू देऊ नका. ते निकष पुष्कळदा त्यांच्याच सुरक्षिततेसाठी असतात, आणि नेहमीचा उपचार त्या दिवशीही जागेवरच असतो.

इम्युनोथेरपी शरीरातील संरक्षक पेशींवरचे लगाम सैल करते. त्या पेशी कधी कधी गाठीसोबत निरोगी फुप्फुसावरही तुटून पडतात आणि फुप्फुसाला सूज येते. डॉक्टर तिला न्युमोनायटिस म्हणतात. फुप्फुस आधीच आजारी असेल तर हा धोका वाढतो. लक्षणे कोणती? खोकला वाढणे, दम वाढणे, ऑक्सिजन उतरणे. म्हणजे नऊ वर्षे तुमचे घर ज्याला 'बाबांचा अटॅक आला' म्हणत आले, नेमके तेच. मग काय होईल, तर रात्री दीड वाजता बाबांना धाप लागेल, तुम्ही सवयीप्रमाणे नेब्युलायझर लावाल, जवळच्या दवाखान्यात स्टिरॉइडच्या गोळ्या मिळतील आणि दोन दिवस बरे वाटेल. सीओपीडीच्या अशा झटक्याला पाच दिवसांचे स्टिरॉइड पुरते, चौदा दिवसांची गरज नसते. हेसुद्धा २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील ३१४ रुग्णांच्या चाचणीतून कळले आहे. न्युमोनायटिसला मात्र स्टिरॉइड अधिक मात्रेत सुरू करून काही आठवडे हळूहळू उतरवावे लागते आणि कॅन्सरचे ते औषध थांबवावे लागते. पाच दिवसांत गोळ्या बंद झाल्या तर सूज उलटते. म्हणून म्हटले, बाबांना अंधारात ठेवून केलेली सही धोक्याची आहे. आपण कोणते औषध घेत आहोत हे ज्याला माहीत नाही, तो रात्री दीड वाजता समोरच्या डॉक्टरला काय सांगणार?

तेव्हा ट्रायलच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा की तुमच्या चमूत छातीचे डॉक्टर आहेत का, दम वाढल्यास झटका आणि न्युमोनायटिस यांतला फरक कोण ठरवणार, रात्री कोणता फोन उचलला जाईल, आणि बाबांचे सध्याचे पंप चालू राहतील ना. या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर मी माझ्या वडिलांना त्या ट्रायलमध्ये पाठवणार नाही. उत्तरे नीट मिळाली तर मात्र निर्धास्तपणे बाबांपुढे विषय ठेवीन.

पैशाचे थोडक्यात सांगतो. चाचणीचे औषध आणि चाचणीसाठीच लागणाऱ्या तपासण्या यांचा भार रुग्णावर नसावा. पण जोडीची नेहमीची केमो प्रायोजक देणार, की ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायची, हे स्पष्ट करून घ्या, कारण तंटे तिथे होतात. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईची तरतूद नियमांतच आहे. येण्या-जाण्याचा खर्च मागताना संकोच करू नका. आणि एक लहानशी गोष्ट : चाचणीच्या भेटी मे महिन्यात येणार असतील तर सकाळच्या वेळा मागून घ्या. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुपारी बाराला रुग्णालयाच्या फाटकापासून बाह्यरुग्ण विभागापर्यंत चालणे हीच सीओपीडीच्या माणसासाठी एक परीक्षा आहे.

'परवापर्यंत कळवा' हे मला पटले नाही. कॅन्सरचा उपचार रेंगाळू नये हे खरे, पण विचार करण्यास पुरेसा वेळ देणे हा संमतीचाच भाग आहे. चार-पाच दिवस मागा. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा संपर्क दिलेला असतो. घाई केली जात आहे असे वाटले तर तुम्ही थेट तिथे बोलू शकता. संमतीपत्रावर सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधा. आपल्या देशात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करणे सक्तीचे आहे, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. भावाकडे हे काम सोपवा. त्यांच्या रागाला त्यातून वाट मिळेल आणि घराला माहिती मिळेल.

ट्रायल होवो न होवो, एक गोष्ट याच आठवड्यात मागा : पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, डॉक्टरांची भेट. हे नाव ऐकून 'आता हात टेकले' असा अर्थ घेऊ नका. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारासोबत ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेलेच, शिवाय ते अधिक जगलेही : ८.९ महिन्यांच्या तुलनेत ११.६ महिने, हा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. दमाची घाबरगुंडी आवरणे, झोप, भूक, वेदना हे सर्व त्यांचे काम असते. बाबांना काय झाले आहे हे लपवून ती भेटही नीट होणार नाही.

आता सांगायचे कसे. तुम्ही एकट्याने भार घेऊ नका. डॉक्टरांना विनंती करा की पुढच्या भेटीत बाबांशी स्वतः बोला, आम्ही शेजारी बसतो. त्याआधी घरी एक प्रश्न विचारून ठेवा : "बाबा, तुम्हाला काय वाटते, काय झाले असेल?" आणि मग थांबा. ते जेवढे बोलतील तेवढ्याच्या पुढे एक पाऊल जा, त्याहून अधिक नाही. त्यांनी "मला काही सांगू नका, तुम्हीच पाहा" असे म्हटले, तर त्यांच्या त्या इच्छेचा मान ठेवा. नेहमीचा उपचार तुमच्या सल्ल्याने होऊ शकेल, ट्रायल मात्र मग सोडून द्यावी लागेल, आणि तसे झाल्याने तुम्ही बाबांचे काही हिरावून घेतले असे होत नाही. वेळ सकाळची निवडा, पंप घेऊन अर्धा तास झालेला असावा, कारण रात्री दम आणि भीती दोन्ही वाढतात. बोलताना धाप लागली तर घाबरून विषय बदलू नका. पुढे झुकून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून, ओठ शीळ घालताना करतो तसे करून त्यांना हळू श्वास सोडू द्या, हातपंखा चेहऱ्यासमोर धरा, आणि श्वास जागेवर आला की जिथे थांबला होतात तिथून पुन्हा सुरू करा. आईंना त्यांच्या उजव्या हाताशी बसवा. बोटावरचे यंत्र त्या वेळी कपाटात राहिले तरी चालेल.